बोलक्या पेटीचं कुलूप

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोनदा बोलतेय म्हणे! पेटी. एकच गोळी दोनदा सांगतेय. सकाळी आठला म्हणाली, "खाट नंबर सहा, पांढरी गोळी, एक." सव्वाआठला परत तेच. बाईने दोन्ही वेळा दिली. देणारच. पेटीचं ऐकायचं म्हणून तर पेटी ठेवलीय तिथे. खाट नंबर सहावरचे पोस्टमन — रिटायर होऊन वीस वर्षं झाली, तरी आश्रमात सगळे पोस्टमनच म्हणतात — त्यांचा रक्तदाब उतरला आणि बाथरूममध्ये पडले. कपाळाला चार टाके.

भिंगरीने फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. आज बसली, तेव्हाच मी ओळखलं.

पेटी माझ्या लेकाची. म्हणजे त्याने बनवलेली. ज्या आयाबायांना वाचता येत नाही त्यांना ती बोलून सांगते — कोणाला, कुठली, किती. अकरा वृद्धाश्रमांत एकशे चाळीस पेट्या आहेत. लेक जाऊन सात महिने झाले. भरदुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेला, चहाचा कप अर्धा तसाच. तेव्हापासून सगळं भिंगरी बघते. त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीत. म्हटलं, खुर्ची तरी बदल. ऐकते कुठे!

आणि ही जी मी बडबडतेय ती सोय तिनेच लावून दिलीय माझ्या फोनवर. "आजी, तू बोल, तो लिहील. परत ऐकावंसं वाटलं तर तोच वाचून दाखवील. मी काही बघणार नाही." मला अक्षर येत नाही, त्यामुळे तो काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. काल ऐकलं थोडं. बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज. माझंच बोलणं, पण अंघोळ करून, इस्त्रीचं नेसून आलेलं! म्हटलं, चला, म्हातारपणी तरी.

भिंगरी जेवली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारण सापडलं. म्हणजे कोणाच्या नावाने बोटं मोडायची ते सापडलं.

"आजी, प्रोग्रॅम सगळा आपण लिहीत नाही. लोकांनी छोटी छोटी पॅकेजं करून ठेवलेली असतात. ती आणायची आणि जोडायची." म्हणजे बोचकी! एकाने वेळ मोजायचं बोचकं बांधलंय, एकाने आवाजाचं, एकाने आणखी कशाचं. फुकट ठेवलीत, कोणीही उचला. आपल्या पेटीत अशी तीनशे बारा आहेत. विचारलं, बांधणारे कोण? "माहीत नाही गं." वा! तीनशे बारा अनोळखी माणसांच्या हातचं चालतं, आणि मी कोपऱ्यावरच्या गाडीवर चहा प्यायले तर ही आकांडतांडव करते.

लेकाने प्रत्येक बोचक्याचा नंबर यादीत लिहून ठेवला होता. हेच आणायचं, ह्याच्या पुढचं नको. ती यादी गेल्या आठवड्यात पडद्यातलीने सैल केली. पडद्यातली म्हणजे भिंगरीकडे कामाला आहे ती बाई. दुसऱ्या गावी असते. मी तिला कॉम्प्युटरच्या पडद्यात खांद्यापर्यंतच पाहिलंय, पाय आहेत की नाहीत देव जाणे. एक बोचकं फार जुनं झालं होतं, ते बदलताना तिने सगळीच नवी आणली. त्यात वेळ मोजणाऱ्याचंही नवं आलं. ते तास-मिनिटं वेगळ्या तऱ्हेने लिहितं. त्यामुळे पेटीचं इंटरनेट तुटून परत आलं, की मघाशी आपणच सांगितलेलं तिला ओळखू येत नाही. मग परत सांगते. माझ्या सासूसारखी. तिचं मात्र मुद्दाम असायचं.

पडद्यातली रडत होती. "माझ्याकडे नीट चालत होतं हो ताई. चार वेळा बघितलं."

"तुमच्याकडे इंटरनेट जात नाही," भिंगरी म्हणाली. हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरी वेळेचं जुनं बोचकं परत आणायला गेली, तर ते दुकानातच नाही! बांधणाऱ्याने उचलून नेलं. का? तर चिठ्ठी ठेवलीय — कंटाळा आला. बरोबर आहे बाबा. फुकटात किती वर्षं बांधशील?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोचकं सापडलं आणि त्याहून मोठं काहीतरी हरवलं.

सापडलं लेकाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात. टेबलाखाली तो काळा डबा आहे, सारखा घरघरतो. थंडीत मी त्याच्याशेजारी पाय शेकते. लेक एकदा आणलेलं काही म्हणून टाकत नसे. ह्यावरून जन्मभर बोलले त्याला. आज मागे घेतलं सगळं.

भिंगरीने ते जुनं बोचकं बसवलं, तर दुसरं रुसलं. मला नवंच हवं, ह्या जुन्याबरोबर मी नांदणार नाही. त्यालाही जुनं केलं तर तिसरं रुसलं. तिसऱ्याची समजूत घातली तर आणखी दोघांनी तोंडं फिरवली. मी म्हटलं, "अगं, हे तर एकत्र कुटुंब आहे." थोडं हसली. चारच्या सुमाराला सगळी एकदाची एका पंगतीत बसली. तिने इथल्या पेटीवर चालवून बघितलं. दहा वेळा इंटरनेट काढलं, दहा वेळा लावलं. पेटी एकदाच बोलली. मी टाळ्या वाजवल्या.

आता ते बाहेरच्या पेट्यांना पाठवायचं. तेवढ्यात डबा अडकला. पडदा गोठला, बाण हलेना. भिंगरीने केलं तेच जे सगळं जग करतं. बंद करून चालू केला.

चालू झाला. आणि त्याने शब्द मागितला.

मी चहा घेऊन दारात होते. तिचा चेहरा बघून कप खाली ठेवला.

त्याचं असं आहे. उद्या कोणीही उठून काहीही पाठवलं तर पेटी ते घेत नाही. घ्यायलाही नको, औषधाचं काम आहे. पाठवलेल्यावर लेकाची सही असेल तरच घेते. सही म्हणजे हाताची नव्हे, लांबलचक आकड्यांची. ती ह्या डब्यात कुलपात असते, आणि कुलूप शब्दाने उघडतं. लेकाने तो शब्द आठ महिन्यांपूर्वी टाकला होता. तेव्हापासून डबा कोणी बंदच केला नव्हता. तो गेला तरी त्याने टाकलेला शब्द डब्याच्या डोक्यात तसाच राहिला होता.

"सात महिने होता, आजी. मी पुसला. बाबांनी टाकलेला मी पुसला."

"अंगठा चालेल का?" मी विचारलं. वाटलं, हसेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून शब्द चाललेत. तिचं नाव. तिची जन्मतारीख. शाळेचं नाव. तिच्या आईचं नाव टाकताना जरा थांबली, मग टाकलं. ती ह्या बापलेकीला सोडून गेली त्याला अठरा वर्षं झाली, तिचं नाव कुठून असणार!

"माझं टाकून बघ," मी म्हटलं.

"पहिलं तेच टाकलं होतं."

मला आपलं उगाचच बरं वाटलं.

जाकीटवाला येऊन गेला. लेकाचा भागीदार. ऐन उन्हाळ्यातही जाकीट काढत नाही, आत काय आहे कुणास ठाऊक. म्हणाला, "पेट्या बंद करून टाकू. भिंतीवर छापील तक्ते लावू, मोठ्या अक्षरांत."

"मोठ्या अक्षरांतच लावा हं," मी म्हटलं. "म्हणजे बायकांना लांबूनसुद्धा वाचता येणार नाही."

"काकू, तुमचं बरं आहे. तुम्हाला विनोद सुचतात."

काय बरं आहे माझं?

दोन आश्रमांत शिकलेली नर्स आहे, तिथल्या पेट्या बंद केल्या. राहिले नऊ. तिथे पेटी बंद केली तर कोणाला काय द्यायचं हेच कोणाला सांगता येणार नाही. आणि नवी सही करायची तर एकेक पेटी उघडून तिला ती शिकवावी लागते. दोन महिने लागतील. तोवर भिंगरी आणि पडद्यातली वाटून घेऊन फोन करतायत. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात. "मावशी, आठचं एकदाच हं. परत बोलली तर देऊ नका." मावश्या हो म्हणतात. पण पाळी बदलते, दुसरी मावशी येते, तिला पहिलीने काय दिलं ते ठाऊक नसतं.

भिंगरी प्रत्येकीला धीर देते, "माझ्या आजीलाही अक्षर येत नाही. वीस वर्षं दवाखान्यात आया होती, एकदासुद्धा चुकली नाही. तुम्हालाही जमेल."

हे वाक्य लेकाचं. त्याने पेपरवाल्यांना सांगितलं होतं, फोटोसकट छापून आलं होतं. मी दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जाते. भिंगरीला वाटतं, गुडघे आखडतात म्हणून.

वीस नाही. नऊ.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवला. कुलपाचा शब्द.

तीन दिवस ती पासवर्ड, पासवर्ड करत होती. आज दुपारी थकून म्हणाली, "आजी, बाबा तुझ्याशी कधी काही बोलले का गं? चावीबद्दल?" चावी म्हटलं आणि मला लख्ख आठवलं. मी शेंगा सोलत होते, हात तिथेच थांबला.

लेक म्हणाला होता, "आई, सगळ्या पेट्यांची चावी तुझ्या तोंडात आहे." मी म्हटलं होतं, "माझ्या तोंडानेच तुझी बायको पळाली, आता पेट्याही घालव." तो म्हणाला, "म्हण ना तो शब्द. एकदाच." कुठला रे? "दवाखान्यातला. बाटलीचा." मी म्हटला. तो हसला, लहानपणी हसायचा तसा. खटाखट काहीतरी टाइप केलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, हसून हसून पाणी आलं.

शब्द आहे ग्लिसरीन. मला तो कधीच नीट म्हणता आला नाही. वॉर्डातल्या नर्सा पदर तोंडाला लावून हसायच्या. लेक तर शाळेतून आला की मागे लागायचा — आई, म्हण. ग्लिसरीन. परत म्हण. ग्लिसरीन! आणि गडाबडा लोळायचा.

आता पुढचंही सांगते. इथे सांगितलं तर काय बिघडतं, पानाला कुठे तोंड आहे.

तोंड आलेल्या पेशंटच्या जिभेला ते कापसाने लावायचं असायचं. औषधाच्या कपाटात दुसरी फळी, डावीकडून तिसरी बाटली. मी बाटल्या जागेने ओळखत होते. नऊ वर्षांत एकदा चूक नाही. एक दिवस कोणीतरी कपाट पुसून आवरलं. चांगलंच काम केलं बिचारीने. तिसऱ्या जागेवर कार्बोलिक ॲसिड ठेवलं. तसंच पाण्यासारखं, तशीच बाटली. वासाने कळायला हवं होतं, पण आम्ही फरशीच त्याने पुसायचो, सगळ्या वॉर्डाला तोच वास. मी कापूस बुडवला आणि बाईला म्हटलं, "आ कर."

सुताराची बायको होती. तिशीची असेल.

जगली. पण जीभ गेली कामातून. नंतर बोलायची ते तिच्या घरच्यांनाही कळत नसे, असं कानावर आलं. मला त्याच दिवशी काढलं. पोलिसांत कोणी गेलं नाही, दवाखान्याचंच नाव गेलं असतं. लेक तेव्हा अकरा वर्षांचा. त्या दिवसापासून त्याने मला तो शब्द म्हणायला लावला नाही. एकदम त्या पेटीच्या कुलपासाठीच लावला.

भिंगरीला ह्यातलं काही ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ते पेपरातलं. शब्द सांगितला तर ती विचारणारच — हाच का? बाबा ह्याला का हसायचे? मग हसायचे का थांबले? ती एका प्रश्नावर थांबणाऱ्यातली नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "चावीबद्दल काही नाही बोलला." आणि शेंगा सोलायला लागले.

उद्या सांगेन.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. एकदा चहा घेऊन, एकदा रिकामा कप आणायला.

तिचा घसा बसलाय फोन करून करून. मग दुपारचे मी घेतले. नंबर ती लावून देते, बोलायचं मी. बोलण्यात मी कुठे हरत नाही.

पुलाजवळच्या आश्रमातली मावशी मोठी गमतीची. म्हणाली, "आजी, त्या पेटीतल्या बाईचा आवाज एवढा गोड, तिला नाही कसं म्हणायचं?"

"दुसऱ्यांदा बोलली की तिच्या तोंडावर टॉवेल टाक."

"टाकते! माझ्या नवऱ्यावर पण टाकून बघते." खूप हसलो दोघी. मग म्हणाली, "पण उद्या सकाळी मी नाही हं, बदलीवाली आहे. तिला सांगून ठेवते. आजी, तुम्ही खरंच एकदापण चुकला नाहीत? ताई सांगत होत्या. मी आमच्या सगळ्या बायकांना सांगितलं. म्हटलं, बघा, अक्षर न येता सुद्धा होतं."

मी म्हटलं, आवाज तुटतोय, ठेवते.

नाही सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुलाजवळच्याच आश्रमातून फोन. खाट नंबर दोनवर शिवणाच्या बाई असतात, शाळेत शिवण शिकवायच्या. हृदयाची गोळी रात्रपाळीच्या मावशीने जाता जाता आठला दिली. पेटी आठ वीसला परत बोलली. बदलीवालीला वाटलं, आधीच्या मावशीची द्यायची राहिली. दिली. साडेनऊला बाई घामाघूम, डोळे फिरवायला लागल्या. मोठ्या दवाखान्यात नेलंय. नाडी फार मंद आहे.

भिंगरी बूट घालून उठली, दवाखान्यात जाऊन काचेबाहेर दोन तास उभी राहिली आणि परत आली. त्याच खुर्चीत बसली आणि शब्द टाकायला लागली. आता तर काहीही टाकत होती. फुलांची नावं. गावांची.

संध्याकाळी मी फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, कुलपाचा शब्द ग्लिसरीन. लिहून झाल्यावर तिच्यापुढे धरला. तोंडाने नाही सांगवलं. "एवढीच ओळ वाच. वर जाऊ नकोस."

"आजी! कधी आठवलं?"

"आत्ता."

तिने टाकला. आपल्या अक्षरांत टाकला, इंग्रजी अक्षरांत टाकला, पुढे त्याची जन्मतारीख जोडली, मागे माझं नाव जोडलं. तास गेला. मग माझ्याकडे वळली. "नाही गं, आजी. हा नाही." आणि माझा हात थोपटला. तिने माझा थोपटला!

आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. तो शब्दच नव्हता! म्हणजे मी काही लपवलंच नव्हतं. मी दोन घास जास्त जेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गिलासराणी. गिलासराणी. गिलासराणी!

आता लिहितंय म्हणे बरोबर. भिंगरीने ते सुधारायचं बटण बंद केलंय. मी बोलीन तसं येणार. काम्पुटर. विंटरनेट. पोष्टमन. प्याकिज. घे लिहून.

सकाळी चैन पडेना म्हणून फोनला म्हटलं, रविवारचं वाच. ती बातम्यावाली वाचायला लागली. आई, म्हण. अमुक. परत म्हण. अमुक. दोन्ही वेळा तेच, स्वच्छ, तासून काढलेलं. मी म्हटलं, अगं, ह्यात हसायचं काय आहे? ह्याला पोरगं लोळेल कशाला? मग डोक्यात उजेड पडला. हे मी म्हणतच नाही! मला असं म्हणताच येत नाही! साठ वर्षांत एकदा आलं नाही ते ही मेली माझ्या तोंडी घालतेय. मी गिलासराणी बोलतेय, आणि ही धुऊन, इस्त्री करून, भलतंच लिहितेय.

तशीच उठून गेले. "भिंगरे, हा फोन मी बोलते तेच लिहितो का?"

"शुद्ध करून लिहितो, आजी. का गं?"

"तो ठेव तिकडे. तू लिही. मी बोलते तसं. शहाणपणा करू नकोस, मध्ये सुधारू नकोस."

आणि म्हटलं. तोंडाने. गिलासराणी.

तिने अक्षरं लावली एकेक. बटण दाबलं. डबा घरघरला आणि उघडला.

तिने तोंडावर हात घेतला. हसत होती का रडत होती तेच कळेना, तिच्या बापासारखं. म्हणाली, "गिलासराणी म्हणजे कोण गं? गोष्टीतली?"

मी सांगितलं कोण. सगळं सांगितलं. कपाट, तिसरी बाटली, आ कर. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर राहून गेलं असतं.

ती म्हणाली, "बाबा म्हणायचे एकदासुद्धा—"

"खोटं बोलायचा. माझ्यासाठी."

"त्या बाईचं काय झालं?"

"मला नाही ठाऊक. मी परत त्या रस्त्यानेसुद्धा गेले नाही."

तिने खुर्ची काम्पुटरकडे फिरवली. कामच होतं. आधी एका आश्रमाला पाठवलं, अर्धा तास वाट बघितली, मग बाकीच्यांना. दोन पेट्यांनी घ्यायला नकार दिला, त्यांना परत पाठवलं. चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यातली ओरडली, "ताई, सगळ्या झाल्या!" आणि पहिल्यांदाच उभी राहिली. पाय आहेत.

भिंगरी माझ्याकडे वळली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळीकडे पेट्या एकदाच बोलल्या. भिंगरीने तरी फोन केले, खात्री म्हणून. मी दाराशी ऐकत होते. आजीचं वाक्य आलंच नाही. एकीलाही नाही सांगितलं.

जेवताना मात्र म्हणाली, "आजी, सोपं नव्हतं तुला. पण आठवल्या आठवल्या सांगितलंस." आणि माझ्या ताटात वाढलं.

मी खाल्लं.

शिवणाच्या बाईंनी डोळे उघडले नाहीत अजून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिवणाच्या बाई सकाळी गेल्या. डाक्टर म्हणाले, मंगळवारची दुसरी गोळी.

मला शब्द रविवारी आठवला होता. भिंगरीला वाटतं मंगळवारी संध्याकाळी. सुतारणीच्या वेळी मला वाचता येत नव्हतं. ह्या वेळी मला बोलता येत होतं.

भिंगरी आत बूट काढतेय. फोन तिच्या हातात देते आता. रविवारचं पान मला डोळ्यांनी शोधता येत नाही, तिलाच शोधू दे.